यादी फुटली, नोटीस लिपिकाला: सरकारी कार्यालयातल्या माहितीला जबाबदार कोण?

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका नगरपंचायतीत एक वरिष्ठ लिपिक कर विभाग सांभाळतात. त्यांच्याकडची घरपट्टीची एक्सेल यादी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरू लागली. रकाने असे: घरमालकाचं नाव, घर क्रमांक, मोबाइल, आधार क्रमांक, थकबाकी आणि शेरा. शुक्रवारी संध्याकाळी एका नगरसेवकानं फोन करून त्यांना सांगितलं. साहेब, म्हणजे मुख्याधिकारी, रजेवर होते, म्हणून लिपिकांनी सोमवारी त्यांच्या कानावर घातलं. मुख्याधिकारी म्हणतात, चूक डेटा ऑपरेटरची. ऑपरेटर ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, आम्ही फक्त माणूस पुरवतो. सॉफ्टवेअर कंपनी म्हणते, आमच्या सर्व्हरवरून काही गेलेलं नाही. आणि कारणे दाखवा नोटीस आली ती लिपिकाला. त्यांचं विचारणं: कायद्यानं जबाबदार कोण, आणि मी खुलाशात काय लिहू?

आधी सरळ उत्तर, मग त्याचे फाटे.

बाहेरच्यांना जबाबदार आहे ती नगरपंचायत, संस्था म्हणून. बाहेरचे म्हणजे ज्यांची माहिती गेली ते लोक, सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची केंद्राची यंत्रणा, आणि उद्या नव्या कायद्याखालचं डेटा संरक्षण मंडळ. संस्थेच्या वतीनं ती जबाबदारी निभावायची मुख्याधिकाऱ्यांनी, कारण कार्यकारी प्रमुख ते. तुम्ही, ऑपरेटर, ठेकेदार यांच्यातला हिशोब हा घरातला हिशोब. तो करायचाच आहे, पण नंतर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बाहेर कुणालाच काही कळवलेलं नसतं आणि आत पहिल्याच दिवशी नोटिशीचा जावक क्रमांक पडलेला असतो.

मी बावीस वर्षं जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांची संगणकव्यवस्था सांभाळली, आणि आता कर्मचाऱ्यांना शिकवतो. अशी प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच लेखी आली. तोंडी मिटवलेली त्याच्या कितीतरी पट. प्रत्येक वेळी एकच दिसलं: कुणाच्या हाती काय सोपवलंय याचा लेखी आदेश फायलीत नव्हता. तो नसला की खापर उतारानं खाली घरंगळत जातं आणि सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाच्या डोक्यावर फुटतं. तुमच्याकडे ते ऑपरेटरपाशीच थांबायचं, पण तो ठेकेदाराचा असल्यामुळे त्याला नोटीस देता येईना. म्हणून ती तुमच्या टेबलावर आली, एवढंच.

रोकडवही आठवा. रोखपाल पैसे मोजतो, पावत्या फाडतो, तिजोरीला कुलूप लावतो. पण दिवसाअखेर वहीवर सही अधिकाऱ्याची असते. रक्कम कमी भरली तर रोखपालाची चौकशी होईलच. पण ‘पैसे तो मोजत होता, मला काय माहीत’ असं लेखापरीक्षकाला सांगून अधिकारी सुटत नाही. पैशाच्या बाबतीत आपल्या कार्यालयांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पचवलंय. माहितीच्या बाबतीत अजून नाही. एक्सेलची फाइल म्हणजे तिजोरी असं कुणाला वाटत नाही, म्हणून तिची किल्ली कुणाकडे आहे हेही कुणी विचारत नाही.

आता कायदा. तोही दोन थरांत सांगतो, आज लागू असलेला आणि उंबरठ्यावर उभा असलेला, कारण बैठकांमध्ये या दोन्हींची सरमिसळ करून बोललं जातं.

आज लागू आहेत ते सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश. आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान, कायद्याच्या कलम ७०ब खाली काढलेले. त्यात सरकारी संस्था हा शब्द स्पष्ट आहे, म्हणजे ‘हे कंपन्यांसाठी आहे’ ही पळवाट नाही. सायबर घटना लक्षात आल्यापासून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचं. कळवायच्या घटनांच्या यादीत डेटा ब्रीच आणि डेटा लीक ही दोन्ही नावं आहेत. हॅकिंग झालेलंच असावं लागतं असं नाही. सर्ट-इनशी बोलायला एक संपर्क अधिकारी नेमून ठेवायचा. यंत्रणांचे लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस भारतातच जपायचे. पहिल्या कळवण्यात सगळा तपास झालेला असावा लागत नाही. हाताशी असेल ते सहा तासांत, उरलेलं मागाहून.

आणि इथे तुमचीही चूक आहे, ती आधीच सांगून टाकतो. नगरसेवकानं शुक्रवारी तुम्हाला फोन केला त्या क्षणी नगरपंचायतीला कळलं. साहेबांना कळलं तेव्हा नव्हे. तुमच्या खुर्चीपर्यंत आलेली बातमी ही संस्थेला मिळालेली बातमी. शनिवार-रविवार धरून सहा तास केव्हाच उलटले. साहेब रजेवर असले तरी त्यांचा कार्यभार कुणाकडे तरी होता. रात्री नऊ वाजता का होईना, त्या प्रभारी अधिकाऱ्याला फोन आणि पाठोपाठ दोन ओळींचा ईमेल जायला हवा होता. मात्र ही चूक उशिराची झाली. यादी फुटल्याचा दोष वेगळा आणि कळवण्यातल्या दिरंगाईचा वेगळा. नोटिशीत या दोन्हींची मोट बांधलेली असेल तर खुलाशात ती सोडवा.

उशीर झाला म्हणून न कळवणं हे मात्र त्याहून वाईट. सोमवारी कळवलं तरी नोंद होते, आणि ‘आम्ही लपवलं नाही’ हे पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतं.

आजच लागू असलेली दुसरी गोष्ट म्हणजे आधार कायदा. त्याच्या कलम २९ नुसार आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला, लावायला मनाई आहे. २०१७ साली सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेनं दाखवून दिलं होतं की चार सरकारी पोर्टलांवर मिळून तेरा कोटींच्या घरात आधार क्रमांक उघडे पडलेत. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे: कुणी कुलूप फोडलं नव्हतं. पारदर्शकतेच्या नावाखाली कार्यालयांनीच रकाने न तपासता याद्या चढवल्या होत्या. तुमची यादीही बहुधा अशीच बाहेर पडली असेल. कुणीतरी वसुलीच्या मोहिमेसाठी प्रभागवार यादी मागितली आणि कुणीतरी रकाने न काढता पाठवून दिली.

मुळात घरपट्टीच्या यादीत आधार क्रमांक आला कुठून, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. कर बसतो तो मालमत्तेवर. कधीतरी कुठल्यातरी योजनेसाठी गोळा केलेला रकाना ‘असू दे, लागेल’ म्हणून राहून गेला असणार. जपायची वस्तू जितकी कमी, तितकी जबाबदारी कमी.

उंबरठ्यावर आहे तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. ऑगस्ट २०२३ मध्ये तो झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कार्यालयांवरची मुख्य कर्तव्यं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. त्यात ‘डेटा फिड्युशिअरी’ असा शब्द आहे. मी शिकवताना त्याला विश्वस्त म्हणतो आणि शिमग्याचं उदाहरण देतो. पालखीत बसवायची देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, वर्षभर पेटीत कुलूपबंद असतात. पालखी खांद्यावर नाचवणारे पोरगे वेगळे, रूपं लावणारा गुरव वेगळा, पेटी सांभाळणारे मानकरी वेगळे. रूपं हरवली तर गाव नाचवणाऱ्यांना नाही धरत, मानकऱ्यांच्या दारात जाऊन उभं राहतं. माहिती कशासाठी घ्यायची आणि तिचं काय करायचं हे जो ठरवतो तो विश्वस्त. त्याच्या सांगण्यावरून जो नुसतं काम करतो तो प्रक्रियाकार: तुमची सॉफ्टवेअर कंपनी, तुमचा ठेकेदार. आणि कायद्याच्या कलम ८ मध्ये साफ लिहिलंय की करारात काहीही ठरलेलं असो, प्रक्रियाकाराच्या हातून झालेल्या कामालाही विश्वस्तच जबाबदार.

दंडाचे आकडे ऐकून सभागृहात नेहमी कुजबुज होते. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत, गळतीची वर्दी न दिल्यास २०० कोटींपर्यंत. ‘आमचं अख्खं बजेट विकलं तरी...’ असं एक मुख्याधिकारी म्हणाले होते. ही कमाल मर्यादा आहे. मंडळानं दंड ठरवताना चूक किती गंभीर, किती काळ चालली, नुकसान आवरायला काय केलं हे बघायचंय. पण मला खटकतं ते वेगळंच. हा दंड जातो भारताच्या संचित निधीत. ज्या आजीचा मोबाइल नंबर फुटला तिला त्यातलं काही मिळत नाही. उलट नगरपंचायतीला दंड झाला तर तो तिच्याच घरपट्टीतून भरला जाणार. आयटी कायद्याचं कलम ४३अ भरपाईची सोय करतं, पण ते व्यावसायिक संस्थांपुरतं. सरकारी कार्यालय त्यात बसत नाही, आणि नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलमही जाणार आहे.

‘सरकारला सूट आहे’ हेही सारखं ऐकू येतं. पूर्ण सूट आहे ती केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या यंत्रणांची नावं घेईल त्यांना, आणि तीही देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी. घरपट्टी वसूल करणारी नगरपंचायत त्यात कुठून येणार? दाखले, परवाने, अनुदानं देताना लोकांची वेगळी संमती न घेता माहिती वापरता येते, हे खरं. पण संमती लागत नाही म्हणून राखण करावी लागत नाही असं नाही.

आता ‘हे तर सगळ्यांना माहीतच असतं’ या बचावाकडे येतो, कारण तो कोकणात फार ऐकू येतो आणि अर्धा खराही आहे. आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबारावर बेचाळीस नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं मी पाहिलेलीही नाहीत. तो सातबारा कुणीही ऑनलाइन बघू शकतो, आणि बघावाच. घरपट्टीची आकारणी यादीही हरकतींसाठी लोकांपुढे ठेवली जाते. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील आपणहून जाहीर करा असं सांगतं. तेव्हा नाव, घर क्रमांक, कराची किंवा मदतीची रक्कम बाहेर दिसली म्हणून गळती झाली असं म्हणता येणार नाही. गळती सुरू होते त्याच्या शेजारच्या रकान्यात. मोबाइल, आधार, खाते क्रमांक.

हा फरक मला स्वतःला उशिरा कळला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात घरांची कौलं, पत्रे, पोफळीच्या बागा, काही राहिलं नाही. पंचनाम्यांच्या याद्या बनत होत्या, वीज नव्हती, नेटवर्क कधी यायचं कधी जायचं. जिथे रेंज मिळेल तिथे उभं राहून आम्ही याद्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवत होतो, मीही पाठवले. नाव, नुकसान, रक्कम, बँकेचा खाते क्रमांक, मोबाइल. त्यातली एक यादी फिरत फिरत बाहेर गेली. पंधरा दिवसांनी एका बाईंना फोन आला: ‘तुमचे मदतीचे पैसे अडकलेत, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे हे हे, बरोबर ना? आता ओटीपी सांगा.’ पलीकडच्यानं त्यांचं नाव, वाडी, पडलेल्या माडांची संख्यासुद्धा बरोबर सांगितली. त्या बाईंनी ओटीपी सांगितला नाही, कारण त्यांना तो वाचता येत नव्हता आणि सून गोठ्यात होती. आमच्या व्यवस्थेनं त्यांना वाचवलं नाही. त्या यादीबद्दल कुणावरही कारवाई झाली नाही, माझ्यावरही नाही, आणि मी आजही म्हणतो की व्हायला हवी होती ती आदेश न काढणाऱ्यांवर आधी आणि माझ्यावर नंतर.

तुमच्या यादीत मला सर्वांत धोक्याचा वाटतो तो शेऱ्याचा रकाना. तुम्ही प्रश्नात त्याचा नुसता उल्लेख केलाय, पण मी अशा याद्या पाहिल्यात. ‘घर बंद, मुंबईस.’ ‘वृद्ध आई एकटी.’ ‘गणपतीत येतात.’ वसुली कर्मचाऱ्याला सोयीचं म्हणून लिहिलेलं असतं. गणपती झाले की कुठल्या वाडीत कुठली घरं पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद, याची ती छापील यादीच. सर्ट-इनला ईमेल करण्याबरोबरच पोलीस ठाण्यात जायचं ते एवढ्याचसाठी. फक्त सायबरवाल्यांना सांगून भागणार नाही, गस्तीवरच्या हवालदारालाही कळायला हवं.

पोलिसात तक्रार कुणी द्यायची? संस्थेनं, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेल्या माणसानं. तुम्ही स्वतःच्या नावानं देऊ नका. उद्या तुमच्याच विरुद्ध चौकशी असताना ती तक्रार विचित्र दिसते. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, तेव्हा छोट्या दूरक्षेत्रात अर्ज देऊन आलो की झालं असं समजू नका. कुणाचे पैसे गेले असतील तर त्या माणसानं १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा, तुमच्या पत्राची वाट बघत बसायचं नाही.

आणि तोवर त्या संगणकाला हात लावू देऊ नका. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक ‘फॉरमॅट मारून देणारा’ असतो, मुलगा चांगला असतो, रात्री अकराला बोलावलं तरी येतो. गळती झाली की घाबरून पहिलं बोलावणं त्यालाच जातं. सकाळपर्यंत संगणक कोरा करकरीत, पुरावाही कोरा करकरीत. मग कुणी, कधी, कुठल्या पेनड्राइव्हवर काय नेलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि ज्याच्याविरुद्ध पुरावा नाही त्याच्याऐवजी ज्याच्याविरुद्ध नोटीस आहे तोच अडकतो. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य येतं, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. मूळ यंत्र जसंच्या तसं असेल तरच हे धड होतं. संगणक बंद करून, कागदात गुंडाळून, सील करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवा. पंचनामा आपल्याला काही नवीन नाही.

पूर, आग यांचाही यात विचार करा. नव्या कायद्यात गळतीच्या व्याख्येत माहिती चुकून नष्ट होणं किंवा हाताशी न राहणं हेही येतं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात किती संगणक चिखलातून बाहेर काढले गेले, सगळ्यांनी पाहिलंय. भिजलेल्या हार्डडिस्क भंगारात विकलेल्या मी स्वतः पाहिल्या. डिस्क भिजली म्हणजे तिच्यातलं पुसलं गेलं असं नसतं. भंगार विक्रीच्या फायलीवर सही करणाऱ्याची ती जबाबदारी, पण त्या फायलीत वजन आणि दर याखेरीज काही लिहिलेलं नसतं.

एक जबाबदारी मात्र पूर्णपणे वैयक्तिक आहे आणि तीच सगळ्यांत बेफिकिरीनं वाटली जाते. डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे ती सही ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा तुकडा. ग्रामपंचायतींत मी गेलो की आधी ऑपरेटरचा ड्रॉवर उघडायला सांगतो. आत दोन डोंगल, सरपंचांचा आणि ग्रामसेवकांचा, रबरबँडनं एकत्र बांधलेले, सोबत चिठ्ठीवर दोन्हींचे पिन. एकानं तयार करायचं आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं म्हणून दोन सह्या ठेवल्या, त्या एका रबरबँडात आल्या. आयटी कायद्याचं कलम ४२ सांगतं की सहीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवायची वाजवी काळजी सही ज्याची आहे त्यानंच घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं, आणि कळवेपर्यंत जे होईल त्याला तोच जबाबदार. इथे ‘संस्था जबाबदार’ म्हणता येत नाही. तुमच्या मुख्याधिकाऱ्यांचा डोंगल कुणाकडे असतो हे मी विचारत नाही. तुम्हाला माहीत असेल.

ठेकेदाराबद्दल फार लिहीत नाही. करार काढा, त्यात गोपनीयतेचं कलम आहे का बघा. नसेल तर तो करार लिहिणाऱ्याचा दोष, आणि नव्या नियमांत सुरक्षेच्या अटी करारात घालणं हे विश्वस्ताचंच काम म्हणून सांगितलंय. असेल तर कराराप्रमाणे नोटीस द्या, देयक अडवा, वसुली करा. पण त्यानं नगरपंचायतीची लोकांपुढची जबाबदारी एक पैशानंही कमी होत नाही. एनआयसीचंही, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचंही, तसंच. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एनआयसीच्या अधिकाऱ्याकडे सल्ला मागा, जरूर मागा; पण तुमच्या एक्सेलचे मालक ते नव्हेत. एकच फरक लक्षात ठेवा. राज्याच्या पोर्टलमध्येच भोक पडलं तर तो विभाग उत्तर देईल, कारण तिथे काय भरायचं हे त्यानं ठरवलं. पोर्टलवरून उतरवून तुम्ही डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत मात्र तुमच्या संस्थेची.

आणि ऑपरेटर. तो पोरगा आठ-दहा हजारांवर राबतो, तीन-तीन महिने मानधन थकतं, कार्यालयातले सगळे पासवर्ड त्याच्या तोंडपाठ कारण प्रत्येकानं स्वतःचं लॉगिन त्याला देऊन ठेवलंय. त्यानं यादी मुद्दाम विकली असेल तर गुन्हा नोंदवा, दया दाखवू नका. पण कुणीतरी ‘पाठव रे ती यादी’ म्हणालं आणि त्यानं पाठवली असेल, तर विचारायचं ते सांगणाऱ्याला. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला, पाच सर्व्हर बंद पडले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. सरकारनं संसदेत कारण दिलं ते नेटवर्कची विभागणी नीट नसल्याचं. नेटवर्कची विभागणी काही डेटा ऑपरेटर ठरवत नसतो.

तुमचा खुलासा. लांबलचक नको, दोन पानांत बसवा. पहिल्या परिच्छेदात फक्त तारखा आणि वेळा: फोन कधी आला, तुम्ही कुणाला कधी सांगितलं, फाइल कुठल्या संगणकावर होती, त्याचं लॉगिन कुणाकुणाकडे होतं. शुक्रवारचा उशीर स्वतःहून मान्य करा. तो लपवलात तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्या परिच्छेदात विनंती: या यादीची अभिरक्षा माझ्याकडे सोपवल्याचा कार्यालयीन आदेश, सर्ट-इनसाठी नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश, आणि ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत मला मिळावी, म्हणजे सविस्तर खुलासा देता येईल. यात कुणावर आरोप नाही. पण हे तीन कागद नसतील तर त्यांचं नसणंच बोलेल. सर्ट-इननं जून २०२३ मध्ये सरकारी संस्थांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत माहिती सुरक्षा अधिकारी नेमायला सांगितलंय. तोही आदेश मागायला हरकत नाही. तिसरा परिच्छेद लिहू नका. ‘मी वीस वर्षं निष्ठेनं’ वगैरे मजकूर चौकशी अधिकारी वाचत नाहीत.

आणि साहेबांशी भांडू नका. त्यांच्यापुढे एक कार्यालयीन आदेशाचा मसुदा ठेवा: कुठली यादी कुणाच्या ताब्यात, बाहेर द्यायची तर कुणाच्या सहीनं, गळती दिसली तर पहिला फोन कुणाला, साहेब रजेवर असतील तर कुणाला. एक पान. त्यावर त्यांनी सही केली तर त्यांनाही पुढच्या वेळी आधार आहे. बहुतेक अधिकारी वाईट नसतात, त्यांना आयता मसुदा हवा असतो.

राहता राहिले लोक. गळतीची वर्दी ज्यांची माहिती गेली त्यांना विनाविलंब द्यायची, डेटा संरक्षण मंडळालाही लगेच, आणि ७२ तासांत सविस्तर, हे बंधन मे २०२७ पासूनचं. आज तसं थेट बंधन नाही म्हणून तुमच्याकडे कुणी अजून काही कळवलेलं नसणार. तरीही कळवा. इंग्रजी पत्रक नको. ‘नगरपंचायतीकडून कुणीही फोनवर ओटीपी किंवा ऑनलाइन पैसे मागणार नाही. आपलं नाव, मोबाइल व आधार क्रमांक असलेली यादी बाहेर गेली आहे. घर बंद असेल तर शेजाऱ्यांना कळवून ठेवा.’ एवढंच, मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं. रिक्षा फिरवा, मासळी बाजारात फलक लावा, आणि प्रत्येक वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाका, कारण बंद घरांचे मालक तिथे आहेत. पण त्याआधी, आजच, गावातल्या बँकांच्या शाखांना आणि पतसंस्थेला पत्र द्या. फलक लागल्यावर म्हातारी माणसं आधी पासबुक घेऊन तिकडेच धावतील, आणि खिडकीवरच्या माणसाला काय झालंय हे माहीत असायला हवं.